बसवून घेतलेलं माप

मी उपकेंद्रात नर्स आहे. गेली नऊ वर्षं कुरखेडा तालुक्यातल्या आयांना तेच ते सांगत आलेय. सहा महिने झाले की वरचं अन्न सुरू करा, बाळाला निजवून भरवू नका, पाठ सरळ ठेवा. लोकांना सांगणं सोपं असतं. माझी दिव्यानी सहा महिन्यांची झाली आणि पेजेचा पहिला चमचा तिनं माझ्या साडीवर थुंकला. वजन पाच किलो सातशे. तक्त्यावरच्या हिरव्या पट्ट्याची अगदी कड. तिथून खाली पिवळा पट्टा सुरू होतो, आणि त्यात उतरलेली मुलं मी पाहिलेली आहेत. मला झोप लागेना.

तिला भरवायला उंच खुर्ची घ्यायचं ठरवलं. मोबाइलवर पन्नास पाहिल्या. एकीची पाठ मागे कललेली, एकीला पाय टेकायला फळीच नाही. पाय लोंबकळत असले की मूल नीट गिळत नाही.

"झाली का पसंत?" माझा नवरा आदेश राइस मिलमधून आला की रोज विचारायचा. "का पोरीच्या लग्नात आंदण म्हणून देतं?"

शेवटी बसस्टँडमागच्या बाबूभाई सुतारांकडे गेले. त्यांनी रंधा बाजूला ठेवला, माझं सगळं ऐकून घेतलं आणि सुताचा एक दोरा हातात दिला.

"शिवणीच्या लाकडाची करून देतो. टाचेपासून गुडघा, गुडघ्यापासून कंबर, कंबरेपासून बगल, असं माप आणा. गाठी मारा. पण पोरीले बसवून घ्या, नर्सबाई. निजवून नाई."

"काऊन?"

"निजलेल्याचं माप आमच्यात एकदाच घेते, बाई. शेवटचं."

दिव्यानी काही बसेना. दोरा पकडायची, एका अंगावर कलंडायची. दुपारी ती झोपली तेव्हा मी अलगद तिचे पाय सरळ केले, दोरा लावला आणि गाठी मारल्या. दोन वर्षांपर्यंत बाळाला निजवूनच मोजतात, आम्हाला प्रशिक्षणात तेच शिकवलंय. सुतारानं नर्सला मोजमाप शिकवावं म्हणजे अतीच झालं.

"बसवूनच घेतलं न?" बाबूभाईंनी दोरा हातात धरून विचारलं.

"हो तं."

खुर्ची आठव्या दिवशी मिळाली. पाय फाकलेले, पाठ सरळ, पायाखालची फळी बरोब्बर टाचांशी. आदेशनं ती एका हातानं उचलून आणली. बसायची जागा मात्र उन्हात ठेवली तरी गार लागायची. लाकडात अजून ओल असेल, असं मी म्हटलं.

पहिल्याच दिवशी वाटी रिकामी झाली. आनंदानं मी रडले. मग मुगाचं वरण, मऊ भात, भोपळा. दहा मिनिटांत सगळं फस्त, सांडलवंड नाही, लाळेरं कोरडं. इतकं नीट जेवणारं मूल मी नऊ वर्षांत पाहिलं नव्हतं, आणि ते माझं होतं.

बाराव्या दिवशी वजन केलं. पाच किलो पाचशे.

काटा बिघडला असेल म्हणून त्यावर मिठाचे दोन पुडे ठेवले. बरोबर दोन किलो. जुलाब नव्हते, ताप नव्हता. उलट शी जवळजवळ बंदच झाली होती. अंगावर घेतलं की ती अशी तुटून पडायची, जणू सकाळपासून तिच्या पोटात काही गेलंच नव्हतं. डॉक्टर म्हणाले, थोडं जास्त द्या. मी वाट्या वाढवल्या. त्याही रिकाम्या झाल्या.

रविवारी आदेशनं बहिणीला पाठवायला भरवतानाचा व्हिडिओ काढला. दिव्यानीच्या पोटात किती चमचे जातात ते मोजायचे म्हणून तो मी ओट्याशी उभी राहून पाहिला.

मी हसतेय. "आ कर," म्हणतेय. चमचा पुढे जातो. पण दिव्यानीच्या तोंडाशी नाही. तिच्या डोक्याच्या वर, पाठीच्या फळीजवळ तो थांबतो, किंचित कलतो आणि रिकामा परत येतो. दिव्यानी आ करून, मान वर करून त्या चमच्याकडे पाहतेय.

तेवीस चमचे. तेवीसही तसेच.

तिचे ओठ मिटताना मी पाहिले होते. शपथेवर सांगितलं असतं.

"अवो, हे पाह्यलं का तुमी?"

"काय पाहू? जेवून तं राह्यली पोरगी." त्यानं मोबाइल हातात घेतला. थोड्या वेळानं तो ओट्यावर पालथा ठेवला.

आम्ही लगेच खुर्ची घेऊन निघालो. ती गाडीवर चढवायला आदेशला आता दोन्ही हात लागले. बाबूभाई दुकानाच्या पायरीवरून खाली उतरले नाहीत.

"निजवून घेतलं होतं न?"

मी मान खाली घातली.

"रिकामी असती तं वापस घेतली असती, बाई."

"मंग तोडून टाका," आदेश म्हणाला.

"जेवत्याले ताटावरून उठवते का कोणी?" बाबूभाई हळूच म्हणाले आणि आत गेले.

घरी आणून खुर्ची कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून ठेवली. दिव्यानीला मांडीवर घेतलं. एक चमचा तिनं खरोखर खाल्ला. तिचा गळा हललेला मी बोट लावून पाहिला.

मग कोपऱ्यात टक झालं. पायाखालच्या फळीवर टाच आपटावी तसं. पुन्हा टक. पुन्हा.

दिव्यानीनं तिकडे पाहिलं आणि तोंड मिटलं.

दोन दिवस तिनं एक घास घेतला नाही. अंगावरचंही सोडलं. पाच किलो तीनशे.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी उठले, खुर्ची वळवली आणि पाठीच्या फळीजवळ एक चमचा धरला. टकटक थांबली. मांडीवर दिव्यानीनं आ केला.

मी, जी अंगारे-धुपाऱ्यांवरून बायांना रागावते, ती रडत रडत दोघांना भरवत होते. एक चमचा तिकडे, एक इकडे.

आज दिव्यानी सहा किलो शंभर भरली. मी दोन वाट्या लावते. भरवायची वेळ झाली की आदेश अंगणात जाऊन उभा राहतो.

काल चमचा सापडेना, म्हणून बोटांनीच भरवलं. दिव्यानीनं हिरड्यांनी माझी बोटं चोखली. बोटं कोमट झाली, भाताची शितं तशीच चिकटलेली. मग दुसरा घास खुर्चीपुढे धरला.

हात मागे घेतला तेव्हा बोटं ओली होती. अगदी स्वच्छ, आणि गार.