हरिगणसाहेबानं विडा खाल्ला

मोरधारी गडावर त्या पहाटे धुकं असं दाटलं होतं, की माथ्यावरच्या कोंबड्याची बांग खाली उतरायला वाट सापडेना म्हणून बुरुजाभोवतीच घिरट्या घालत राहिली आणि दुपारी ऊन पडल्यावर पेठेत पोचली. पेठेतल्यांची न्याहारी त्या दिवशी दुपारीच झाली, विचारा हवं तर.

गडाच्या सदरेवर मात्र रात्रीपासून कुणाचा डोळा लागला नव्हता. राजा नावाला गादीवर होता, राज्य कंपनी हाकत होती, आणि कंपनीचा हुकूम सुटला होता: गडकऱ्यांची पिढीजात चाकरी बंद, जमिनी खालसा, हत्यारं खाली ठेवा, दरवाजाच्या किल्ल्या द्या.

गडाचा हवालदार सुभानजी. म्हातारा, पण मिशी अशी की निशाणाच्या काठीनं मान खाली घालावी. त्याची विधवा सून गिरजाबाई. लोणच्याच्या बरणीपासून महादरवाजापर्यंतच्या साऱ्या किल्ल्या तिच्या कमरेला.

"देऊन टाक, सूनबाई," सुभानजी म्हणाला. "धनीच कंपनीच्या ओंजळीनं पाणी पितोय. आपण कुणासाठी मरायचं?"

"देते, मामंजी. पण आधी एकदा विचारून घेते."

तिनं सदरेवर तबक ठेवलं. तबकात एकच विडा, शेजारी चुन्याची डबी. "दरवाजा राखायची ज्याची छाती असेल, त्यानं उचलावा," एवढंच म्हणाली आणि पदर सावरून बाजूला झाली.

मर्दांची सदर ती. एकाला पागोट्याचा सुटलेला शेव दिसला, दुसऱ्याला पायातला जुना काटा आठवला. विड्याकडं कुणी बघेना.

एवढ्यात साहेब आला. नाव हॅरिगन, गडावर हरिगण म्हणत, पण हरीशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. पलटण खाली ठेवून, दोन शिपाई आणि विसोबा दुभाष्या घेऊन तो सदरेवर बूट न काढताच चढला, तबक पाहिलं, आपल्याच मानपानाचं समजला आणि विडा उचलून तोंडात टाकला.

सदरेवर माशी घोंगावली तर तोफ वाटावी, अशी शांतता.

"साहेबांनी विडा उचलला," गिरजाबाई पदराआडून म्हणाली. "आजपासून आमचा दरवाजा साहेब राखणार. कंपनी आली तर तिलाही आत घ्यायचं नाही हो, साहेब."

सगळी सदर खदखदली. साहेबानं दुभाष्याला विचारलं, "काय म्हणते ती?"

"हुजुरांचं स्वागत करते," विसोबा म्हणाला आणि घाम पुसू लागला.

पण पानाचा रस साहेबाच्या घशात उतरेना. त्यानं तोंड वाकडं केलं आणि तो विडा सदरेवरच्या गादीवर थुंकला. राजाच्या नावानं राखलेल्या रिकाम्या गादीवर, जिथं बसायचं धाडस सुभानजीच्या बापानंही केलं नव्हतं.

हसू जागच्या जागी वाळलं.

सुभानजी उठला. गुडघे एवढे वाजले की साहेबाच्या शिपायांनी बंदुका सावरल्या. त्यानं तबकाकडं पाहिलं. दुसरा विडा नव्हता. मग डबीत बोट घातलं आणि बोटभर चुना जिभेवर ठेवला. म्हाताऱ्याचं तोंड पोळलं, डोळ्यांतून पाणी आलं, पण मिशी हलली नाही.

"आजवर कंपनीनं आम्हाला चुना लावला," तो म्हणाला. "आज आम्हीच चाटला. ज्याला यायचं त्यानं यावं."

मग सगळे उठले. पागोट्याचा आला, काट्याचा आला, डबी खरवडून निघाली.

"साहेब, पाहुणे म्हणून आलात, म्हणून पायांनी जाताय," सुभानजी म्हणाला. "पुन्हा येताना तोफा घेऊन या."

हे मात्र विसोबानं शब्दन् शब्द सांगितलं. साहेब लाल झाला, दरवाजाकडं वळला. "चल, दुभाष्या."

"आपण व्हा पुढं," विसोबा म्हणाला. "इतकी वर्षं भाषा सांगत होतो, अर्थ आज लागला."

साहेब बाहेर पडताच गिरजाबाईनं महादरवाजाची किल्ली फिरवली. त्या किल्लीचा आवाज खालच्या पलटणीपर्यंत गेला म्हणतात.

तोफा आल्या. सुभानजीनं एक गोळा मिशीनं परतवला, असं सांगणारेही आहेत. पण दुसरा गोळा छातीवर आला, तो काही परतला नाही. विसोबा त्याच्याच शेजारी पडला. दरवाजा फुटला, आणि जे उरले त्यांना दोरांच्या काढण्या लावून साहेबानं गावोगाव धिंड काढली, मुलखाला धाक बसावा म्हणून.

पहिल्या गावात लोक दारं ओढून आत बसले. दुसऱ्या गावात एक म्हातारी घागर घेऊन आली, शिपायाच्या हाताखालून गिरजाबाईला पाणी पाजलं आणि विचारलं, "काय केलंस गं बाई, एवढं बांधलंय ते?"

"दार लावलं."

"कुणाचं?"

"आमचंच."

म्हातारी घागर तिथंच टाकून आडवाटेनं पुढच्याच, आपल्या माहेरच्या गावाकडं चालू लागली, आणि तिच्या मागोमाग आणखी काहीजण.

धिंड तिसऱ्या गावाशी पोचली तेव्हा भरदिवसा वेशीचं दार बंद होतं, आणि आतून कुणीतरी अडसर घालत होतं.