आयच्या शेजारची जागा

"बाय, तुला तिथे पुरता येणार नाही," पेनीना म्हणाली, आणि हातातल्या कपाकडे बघत तशाच सुरात पुढे म्हणाली, "साखर टाकायला विसरलीस."

येरुशाने साखरेचा डबा तिच्यापुढे सरकवला. चाळीस वर्षं उलटून गेल्यावर धाकटी बहीण दारात आली होती... इस्राएलमधल्या बेरशेबाहून विमानाने लंडनला, आणि तिथून ट्रेनने पिनरच्या या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये. आणि अंगातला कोटही न काढता तिने आधी नकार टेबलावर ठेवला होता, जसा पाहुणा आणलेल्या मिठाईचा पुडा ठेवतो तसा. येरुशाला हसू आलं. अशा वेळी तिला नेहमीच हसू यायचं, आणि त्यामुळे आयुष्यभर लोक तिला कठोर समजत आले होते.

पोटातल्या गाठीबद्दल डॉक्टरांनी सांगितलं, त्या संध्याकाळी तिने एवढ्या वर्षांत पहिल्यांदा बहिणीला फोन केला होता. बोलणं थोडकंच झालं. "पेनी, मी येरुशा. आयच्या शेजारची जागा अजून रिकामी आहे का?" पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

"फोनवरच सांगणार होते," पेनीना आता म्हणाली. "पण ही हट्टाला पेटली. म्हणे तोंडावर जाऊन सांग."

ही म्हणजे शिरा, पेनीनाच्या लेकीची लेक. लंडनला शिकत होती आणि डिसेंबरात हनुक्काच्या सणाच्या सुट्टीत घरी जाऊन लग्न करणार होती. आजीकडून शिकलेलं तिचं मराठी लिंगाच्या बाबतीत फारच उदार होतं.

"मी असा नाही म्हटली," शिरा कळवळून म्हणाली. "मी म्हटली, जाऊन भेट. मोठी आजी आजारी आहे."

"तू गप्प बस. तुझ्यासाठीच चाललंय हे." पेनीना पुन्हा बहिणीकडे वळली. "मुलाकडचे फार कडक आहेत, बाय. मुलीची आई कोण, आईची आई कोण, सगळं विचारतात. तुला पुरायचं म्हटलं की तुझंही विचारणार. तू तिथल्या कचेरीत स्वतःच्या तोंडाने सांगून गेलीस, माझी आई यहुदी नव्हती म्हणून. आता पुन्हा ते उकरायचं? लग्न तोंडावर असताना? अशांना दफनभूमीच्या कुंपणाबाहेर देतात जागा. तशी हवी असेल तर मी..."

"कुंपणाबाहेर मी इथेही आहेच की," येरुशा म्हणाली. "त्यासाठी विमानाचं भाडं कशाला?"

तिने कप उचलले आणि बेसिनपाशी जाऊन नळ सोडला. पाण्याचा आवाज बरा असतो. त्यात बाईमाणसाला पाठ फिरवून उभं राहता येतं.

पेझारकरांचं घराणं कोकणातलं, अलिबागेकडचं. दोन हजार वर्षांपूर्वी नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं, त्यातून वाचलेल्या सात जोडप्यांचे आपण वंशज, असं बाबा सांगायचे. घाण्यावर तेल गाळायचं, शनिवारी बैल जुंपायचे नाहीत, म्हणून गावाने नाव दिलं शनवार तेली. पुढे बाबा भायखळ्याला आले, गिरणीत लागले. इस्राएलच्या मुलखाची घोषणा झाली त्या दिवशी बारा वर्षांच्या येरुशाने चाळीभर साखर वाटली होती. घरात हिब्रू शिकली ती एकटी. पुढे सगळे तिकडे निघाले, तेव्हा बोटीच्या डेकवर तिने आयला, बाबांना आणि लहानग्या पेनीनाला 'पाणी', 'भाकर', 'घर' हे शब्द घोकून घोकून पाठ करायला लावले. बेरशेबाला पोचल्यावर घर म्हणून मिळाली ती पत्र्याची खोली आणि दारात वाळू. आय रडली, बाबा परतीच्या गोष्टी करू लागले. येरुशा मात्र दवाखान्यात नर्सचं काम धरून संध्याकाळी दारातल्या वाळूत कांदे लावत बसली... कांदे आले नाहीत. तिने पुन्हा लावले.

आणि मग पेनीनाचं लग्न ठरलं. तो काळ आपल्या लोकांना वाईट होता. लग्न नोंदवायला गेलं की आजी-पणजीपर्यंत चौकशी व्हायची, की यांच्या रक्तात बाहेरचं कोणी मिसळलंय का. आणि चौकशीत अलिबागेकडच्याच एका म्हाताऱ्याने सांगितलं की बिन्यामीन पेझारकरच्या दोन मुलींपैकी एक बाहेरच्या बाईची आहे. कोणती, ते त्याला ठाऊक नव्हतं.

येरुशाला ठाऊक होतं. सात वर्षांची होती ती. घाण्यावर कामाला येणारी यमुना, जी तिची वेणी घालायची आणि वेणी घालताना हळू आवाजात गायची, ती माजघरात बाळंतपणातच वारली. आणि नवऱ्याशी महिनोन् महिने न बोललेल्या आयने ते ओलं, गोरं पोर उचललं आणि पदराखाली घेतलं. यमुना गोरीपान होती, आणि तिची ही पेनीनाही तशीच. येरुशा बाबांसारखी काळीसावळी. त्यामुळे कचेरीत उभं राहून "यमुनेची ती मी आहे" असं येरुशाने म्हटलं, तेव्हा टेबलामागच्या माणसाने एकदा दोघींच्या तोंडाकडे पाहिलं आणि मान हलवली. त्याला पटलं. सगळ्यांनाच किती चटकन पटलं!

आय शेजारीच उभी होती. आय काहीच बोलली नाही.

घरी आल्यावर पेनीनाने येरुशाची ताटली आणि पेला वेगळा काढला. कोकणात गोरे इस्राएल बाहेरच्या बाईच्या पोटी झालेल्यांना काळे इस्राएल म्हणत आणि त्यांची भांडी वेगळी ठेवत, तशी. एकोणीस वर्षांची पोर, घाबरलेली. "इतकी वर्षं आमच्या ताटात जेवलीस," ती म्हणाली. "लग्नाला येऊ नकोस." महिन्याभरात येरुशा इंग्लंडला नर्स म्हणून निघून आली. इथल्या म्हाताऱ्यांची अंगं पुसण्यात आणि पलंग आवरण्यात तिचा जन्म गेला.

शनिवारच्या प्रार्थनेला ती जवळच्या एका लिबरल सिनॅगॉगमध्ये जायची. तिथे कुणी कुणाची आजी विचारत नसे. ते काम शेजारच्या सुप्रभाने केलं होतं. सुप्रभा पुण्याची, डॉक्टरांची बायको. पहिल्या भेटीतच तिने विचारलं होतं, "पेझारकर म्हणजे तुम्ही कोण?" आणि उत्तर ऐकून म्हणाली होती, "अय्या, आणि इतकं शुद्ध मराठी कसं?"

पेनीनाचं परतीचं तिकीट उपासानंतरचं होतं. मोठ्या उपासाला आपल्यात दारफळणीचा सण म्हणतात. दारं लावून दिवसभर देवापुढे बसायचं. त्याच्या आदल्या दिवशी घरातले मेलेले भेटीला येतात, अशी जुन्या लोकांची समजूत. बेरशेबाला पेनीनाने हे केव्हाच सोडून दिलं होतं. तिथले शेजारी हसत. येरुशाने पिनरमध्ये एक वर्षही चुकवलं नव्हतं.

त्या दुपारी सुप्रभा नारळ घेऊन आली आणि शिराला साडी नेसायला शिकवायची म्हणून आपल्याकडे घेऊन गेली. जाता जाता म्हणाली, "येरुशाताई, तुम्ही उभ्या राहू नका हो फार. बहिणीला सांगा की जरा."

"बहीण पाहुणी आहे," येरुशा म्हणाली.

पेनीनाचे कान लाल झाले. ती उठून नारळ खवायला बसली.

दोघी कामाला लागल्या. रव्याच्या पुऱ्या तळून झाल्या, कलेजी परतून झाली, नारळाच्या रसात कोंबडी शिजली. त्या वासाने पेनीनाचा आवाज थोडा मऊ पडला. "आय कलेजीत मिरी जास्त घालायची," ती म्हणाली.

"घातलीय."

येरुशाने खिडकीपाशी स्वच्छ चादर अंथरून तीन ताटं मांडली. पेझारकरांच्या घरची रीत अशी, की ज्याचं माणूस त्यानंच वाढायचं. मेलेला माणूस फक्त आपल्या पोटच्या पोराच्या हातचं घेतो. बाबांचं ताट दोघींनी मिळून वाढलं. मग येरुशा आयच्या ताटाशी बसली. कलेजी वाढली, पुऱ्या ठेवल्या, कडेला लिंबाची फोड. पोटात कळ आली तशी तिने भिंतीला हात टेकला, डोळे मिटले, आणि दरवर्षी नुसतं पाणी ठेवून रिकामं सोडावं लागणाऱ्या तिसऱ्या ताटाकडे मान करून, अगदी सहज, सून हाताशी असल्यासारखी म्हणाली, "ते तू वाढ, पेनी. मी वाढलेलं तिला चालत नाही."

बोलून गेल्यावर तिचं तिलाच ऐकू आलं.

पेनीनाच्या हातात पळी तशीच राहिली. "तिला म्हणजे?"

"काही नाही. हात भरून आलाय माझा. दे इकडे."

"हे ताट यमुनेचं ना? तुझ्या आईचं?"

"हो."

"मग तू वाढायला हवंस." पेनीना हळूहळू बोलत होती, अंधारात पायरी चाचपत उतरल्यासारखी. "आणि आयचं मी. मघाशी मी उठणारच होते, तर तू आधीच बसलीस. विचारही केला नाहीस. बाय... तू आयला वाढलंस."

"म्हातारपण. चुकतं माणूस."

"तुझं कधी चुकलंय? बोटीत एक शब्द चुकला तर मारायचीस मला!"

येरुशाने आयच्या ताटातली लिंबाची फोड उगाच सरकवली. खोटं बोलायला आता अंगात ताकद नव्हती... आणि खरं सांगायचं तर, एका खोट्यावर तिने सगळी ताकद तेव्हाच खर्चून टाकली होती. पेनीनाने पळी खाली ठेवली. आपले गोरे हात उलटसुलट करून पाहिले, दुसऱ्या कुणाचे असावेत तसे.

"आयला माहीत होतं?"

"आयनंच तुला उचललं."

"आणि तुला जाऊ दिलं. पोटच्या लेकीला."

"तिला दोघींतली एकच ठेवता येत होती, पेनी. तुझं लग्न होतं. तू रडत होतीस. मला रडता कुठे येतं?"

"तुझा देश होता तो! आम्हाला कुणाला हवा होता? बाबा परत जाऊ म्हणत होते, मी चाळीसाठी रडत होते. तूच ओढून नेलंस आम्हाला, आणि तूच..." तिला पुढे बोलता येईना. ती बहिणीच्या पायाशी कोसळली आणि तिच्या गुडघ्यांत तोंड खुपसून हुंदके देऊ लागली. "मी तुझी ताटली वेगळी काढली, बाय. मी!"

येरुशाने तिच्या पांढऱ्या केसांवर हात ठेवला. यमुनेचेच केस, दाट आणि न वळणारे.

"ऊठ. ती आलेली असेल. एकसष्ट-बासष्ट वर्षं उपाशी आहे ती. वाढ तिला."

पेनीनाने वाढलं. निम्मा रस चादरीवर सांडला.

डोळे पुसून झाल्यावर ती म्हणाली, "मी जाऊन सांगते सगळं. कचेरीत, पुरणाऱ्यांना, सगळ्यांना. आयच्या शेजारी तूच झोपणार."

"आणि शिरा?"

पेनीनाने दाराकडे पाहिलं.

"तू यहुदी नाहीस तर तुझी लेक नाही, आणि लेक नाही तर शिरा नाही. एका वाक्याने तिघी कुंपणाबाहेर. मी दिलेलं परत करायला निघालीस? तेही व्याजासकट?" येरुशाने तिची हनुवटी धरून वर केली. "घे माझी शपथ. शिरालासुद्धा नाही."

"मग तुला काय राहिलं, बाय?"

"तू चहा प्यायला आलीस ना. साखर विसरले तेवढं सोडलं तर बराच होता."

बाहेर जिन्यावर शिराचा आवाज आला. साडी नेसून, दोन्ही हातांत निऱ्या धरून ती दारात उभी राहिली. "आजी, बघ, कसा दिसतो?" तिने दोघींचे चेहरे पाहिले आणि गोंधळून म्हणाली, "तुम्ही भांडला?"

"नाही गं," पेनीना म्हणाली आणि शपथ पाळायला तिथूनच सुरुवात केली. "कांदा चिरत होतो."

पेनीनाने परतीचं तिकीट रद्द केलं. थंडी पडली, येरुशाचं अंथरूण खिडकीपाशी आलं. पेनीना तिचं अंग पुसायची, पेज भरवायची, पाय चोळायची. आणि येरुशा नर्स असल्यामुळे पडल्या पडल्या सूचना द्यायची, की चादर अशी नाही, कोपरा आधी. लग्नाचा दिवस जवळ आला तरी पेनीना हलली नाही. मुलाकडचे काय म्हणतील, तुझी लेक काय म्हणेल, येरुशाने सगळं बोलून पाहिलं. फोनवर शिरा आधी चिडली आणि मग रडली. "आजी, माझी लग्न आहे. एकदाच आहे."

"बायला सोडून येत नाही मी," पेनीना म्हणाली. कारण सांगता येत नव्हतं. नातीच्या मनात राहिलेली ती अढी पुढे कधीच पुरती गेली नाही.

लग्नाच्या संध्याकाळी कुणीतरी मांडवातून फोन लावला. पेनीनाने तो येरुशाच्या कानाशी धरला. गलका, गाणी, मग सगळं शांत, आणि लग्न लागलं की फोडतात तो ग्लास नवऱ्याने पायाखाली फोडल्याचा आवाज. येरुशाने डोळे उघडले. "झालं?" तिने विचारलं. "झालं," पेनीना म्हणाली. त्यानंतर येरुशा फार दिवस राहिली नाही.

सिनॅगॉगच्या दफनभूमीत गवतावर कडक दंव पडलं होतं. माती देऊन सुप्रभा आणि बाकीची थोडी माणसं फाटकाकडे निघाली, तेव्हा तिथला व्यवस्थापक, एक सभ्य इंग्रज गृहस्थ, टोपी हातात घेऊन पेनीनाजवळ आला. दगडावर नावाखाली आईबापांची नावं कोरतात, ती त्याला हवी होती.

"बिन्यामीन," पेनीना म्हणाली. "आणि सिम्हाबाई."

त्याने स्पेलिंग विचारून घेतलं, आणखी काही विचारलं नाही. इथे कुणी विचारत नसे. चाळीस वर्षांनी येरुशाला तिची आय परत मिळाली ती अशी, परक्या मातीत, जिथे आय नव्हती.

"शेजारची जागा कुणाची आहे?" पेनीनाने विचारलं.

"अजून कुणाची नाही."

"मला हवी. बेरशेबाला माझी एक आहे, ती नको."

त्याने सहानुभूतीने मान हलवली. "तुम्ही बहिणी, नाही का? मग तुमच्याही दगडावर आईचं हेच नाव घ्यायचं ना?"

पेनीनाने वाकून ती ताजी, काळी माती मुठीत घेतली.

"नाही," ती म्हणाली. "ते मोकळं ठेवा."