तळच्या रांगेतला बोल्ट

जुना बोल्ट आणि नवा बोल्ट शेजारी उभे केले, तर नवा जुन्यापेक्षा जेमतेम अंगठ्याच्या नखाइतका जास्त उंच भरतो. जाडी तीच, आटे तेच, डोकंही तसंच सहा कोनांचं. तेलकट फडक्यावर आडवे पडलेले असले, तर नजरेला जुळे भाऊच वाटतात.

हस्लिंदाने फडकं झटकलं आणि घडीतून एक बोल्ट टण्णकन ट्रेमध्ये पडला. तिने तो उचलला, बोटाने आटे चाचपले, उजेडाकडे धरला.

नवा होता.

नवे सगळे बोल्ट आता खैरिलच्या गाडीत असायला हवे होते. एक बाहेर राहिला, याचा अर्थ त्याच्या जागी आत एक जुना, आखूड बोल्ट बसलेला होता. कुठे, तेही तिला त्याच क्षणी कळलं. तळच्या रांगेत, अगदी कोपऱ्यातला. तिथे डोळा पोहोचत नाही, हात पोहोचतो आणि तोही फक्त तिचाच.

“लिन!” मागच्या नळावरून खैरिल ओरडला. “हा साबण आहे की विटेचा तुकडा? हात धुतोय की किसतोय, कळेना मला!”

“वीटच आहे,” ती म्हणाली. आवाज नेहमीसारखा निघाला याचं तिलाच नवल वाटलं. “गिऱ्हाइकांसाठी वेगळी ठेवलीय.”

“मी अजून गिऱ्हाइकच का?”

तिने मूठ मिटली.

तायपिंग गावच्या लोकांना घड्याळापेक्षा पाऊस जास्त ठाऊक असतो. दुपारी ढग लारूतच्या डोंगरावर टेकले, की चहाच्या टपरीवर पैजा लागतात... असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजाच्या बांगेआधी येणार की नंतर? हरणाऱ्याने बर्फ घातलेला गोड चेंडोल पाजायचा. मागच्या वर्षी असाच पाऊस कोसळत असताना एक लाल टर्बो गाडी धापा टाकत वर्कशॉपच्या छपराखाली शिरली होती. गाडी छोटीशी, पण नखरा मोठा. आतून उंच, भिजलेला, गोंधळलेला एक तरुण उतरला.

“बंद नाही पडली,” तो म्हणाला होता, “पण तासभर ट्रॅफिकमध्ये अडकलो आणि हिच्या अंगातलं बळच गेलं.”

त्या दिवशी शनिवार होता. इतर दिवशी हस्लिंदा हातमोज्यांच्या कारखान्यात प्रयोगशाळेत असे. रबराची जाडी मोजायची, छिद्रं शोधायची. शनिवारी मात्र ती वडिलांच्या, आबाहच्या वर्कशॉपमध्ये. आबाहचे गुडघे गेल्यापासून वाकायची कामं तिचीच होती. तिने बॉनेट उघडलं आणि इंजिनला हवा पुरवणाऱ्या मॅनिफोल्डजवळ हाताची पाठ नेली, लहान मुलाच्या कपाळाजवळ नेतात तशी.

“ताप आहे,” ती म्हणाली.

“आणि औषध?”

“इंजिनची उष्णता या मॅनिफोल्डमध्ये चढते. मग आत जाणारी हवा तापते, पातळ होते आणि गाडी दमते. दोघांच्या मध्ये एक जाड प्लेट बसवायची, स्पेसर म्हणतात. उष्णता पुढे जाऊ देत नाही.”

“म्हणजे दोघांच्या मध्ये तिसरं कुणीतरी आणायचं?” त्याने केसांतलं पाणी निपटलं. “माझ्या घरी असं केलं तर उलट ताप चढतो.”

ती हसली नव्हती. पण हसू दाबायला तिला बॉनेटखाली वाकावं लागलं होतं.

स्पेसर आणि त्याच्या जाडीमुळे लागणारे लांब बोल्ट मागवले, ते वर्कशॉपच्या पत्त्यावर. पुढच्या शनिवारी खैरिल विचारायला आला, “पार्सल आलं?” त्याच्या पुढच्याही आला. येताना कधी केळ्याच्या पानातला खाऊ आणायचा, कधी गरम चहाची पिशवी. पाक चिक, पाक चिक, म्हणजे काका, काका करत आबाहशी फुटबॉलवर वाद घालायचा. आणि जाताना सहज विचारल्यासारखं, “पार्सल...?”

“अजून नाही,” हस्लिंदा ट्रेकडे बघत सांगायची.

खोकं कधीच आलं होतं. तिच्या बाकाखाली, तेलाच्या डब्यांमागे पडलं होतं. एकदा ते बसवलं, की त्याला यायचं कारण उरलं नसतं. हे तिने स्वतःशीसुद्धा शब्दांत म्हटलं नव्हतं.

त्याने मात्र शब्दांत म्हटलं. तळ्याकाठी, पाण्यावर ओणवलेल्या झाडांखाली त्याने आईचा निरोप सांगत विचारलं, “मक तुमच्या घरी येऊ का म्हणते. अंगठी घेऊन. काय सांगू?” हस्लिंदा म्हणाली, “थांब जरा.” ईदनंतर त्याने पुन्हा विचारलं. ती पुन्हा म्हणाली, “थांब.”

एकदा तिचं ठरलेलं लग्न मोडलं होतं. सजवलेली तबकं आली होती, साऱ्या गल्लीने पाहिली होती. मग ती तबकं परत गेली, तेही साऱ्या गल्लीने पाहिलं होतं. तेव्हापासून तिला वाटे, न बोललेली गोष्ट मोडता तरी येत नाही.

मग खैरिलला जोहोरला नोकरी लागली, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. त्याच आठवड्यात खोकं ‘सापडलं’. आज ते बसवून झालं, की दुपारी तो निघणार होता.

सकाळी काम छान चाललं होतं. मॅनिफोल्ड सुटलं, इंजिनाच्या उघड्या तोंडांत काही पडू नये म्हणून तिने स्वच्छ कापडाचे बोळे कोंबले आणि मग आठवणीने काढले. तपकिरी प्लेट जागेवर धरून त्यावर मॅनिफोल्ड पुन्हा टेकवलं. प्लेट घसरू नये म्हणून तळच्या कोपऱ्यात एक जुना बोल्ट हाताने नुसता अडकवला. तसं सगळेच करतात. प्लेट जुळली की तो काढायचा आणि नवा लांब लावायचा. तिचा हात कोपरापर्यंत आत होता, गाल जवळजवळ गाडीला टेकलेला. खैरिल वरून टॉर्च धरून उभा होता. इतका जवळ, की त्याच्या शर्टाचा इस्त्रीचा वास पेट्रोलच्या वासातूनही येत होता.

“मकने काल विचारलं,” तो हळूच म्हणाला.

“काय?”

“त्या मुलीचं काय झालं म्हणून.”

“मग...?”

“म्हटलं, तिचं पार्सल अजून आलेलं नाही.”

ती हसली. पण टॉर्चचा उजेड किंचित हलला.

“लिन, मी दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा नाही विचारणार. रागावून नाही गं... पण सारखं विचारत राहिलो तर तुझ्या ‘हो’ला काय अर्थ? दमून दिल्यासारखं होईल ते.”

तिचा हात थांबला. आत, अंधारात, बोटं बोल्टच्या डोक्यावर तशीच राहिली. काहीतरी बोलायला हवं होतं. तिने पाना उचलला आणि जे हाताखाली होतं तेच आवळलं.

नंतर इंजिन चालू केलं, गरम होऊ दिलं, बंद करून पुरतं गार होऊ दिलं. अशी प्लेट पहिल्या उष्णतेने जरा बसते, म्हणून बोल्ट पुन्हा आवळावे लागतात. सगळे जागच्या जागी घट्ट होते. तळचा तेवढा थोडा जास्त फिरला. प्लेट बसली असेल, असं ती मनाशी म्हणाली होती. कारखान्यात अशा एका ‘असेल’पायी तिने अख्खा माल परत पाठवला असता.

आणि आता नवा बोल्ट तिच्या मुठीत होता.

सांगितलं, तर सगळं पुन्हा उघडावं लागणार होतं. आज तो जाऊ शकणार नव्हता. आणि नेमकं तो निघताना, नेमका तिच्या हातून, नेमका कुणाला न दिसणारा बोल्ट चुकला... कोण विश्वास ठेवणार? तोंडाने ‘राहा’ म्हणवेना, म्हणून गाडीच बिघडवली, असं तोही म्हणेल. तिने स्वतःलाच विचारून पाहिलं, मुद्दाम केलंस का? उत्तर ‘नाही’ होतं. पण ते यायला एक क्षण लागला होता.

“ट्रे रिकामा झाला का गं?” आबाहनी खुर्चीतूनच विचारलं. त्यांचा एकच नियम होता, ट्रे रिकामा झाल्याशिवाय बॉनेट लावायचं नाही.

हस्लिंदाने ट्रेकडे पाहिलं. तो रिकामाच होता.

“हो, आबाह.”

खैरिल दारात उभा होता, ओले हात पँटला पुसत. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग ट्रेकडे, आणि बॉनेट खाली ओढलं. त्या आवाजाने ती दचकली.

“पाक चिक, येतो.” त्याने वाकून आबाहचा हात कपाळाला लावला.

“जोहोरचा चहा बेकार असतो,” आबाह म्हणाले. “थर्मास आणलायस का?”

“इथून रोज पाठवा की!”

“मी पाठवीन. तू इथे प्यायला ये, ते स्वस्त पडेल.”

मग तो तिच्यासमोर आला. मध्ये हातभर अंतर ठेवून उभा राहिला.

“पाऊस असरच्या आधी येणार,” तो म्हणाला. “चेंडोल उधार राहिला तुझ्याकडे.”

“नंतर येणार. तूच देणं लागशील.”

“हरलो तर द्यायला यावं लागेल...”

“हळू चालव.”

“हिला आता हळू चालायला सांगू? तूच तर बळ दिलंस.” तो हसला, मग हसू ओसरलं. “लिन... काही सांगायचंय?”

मूठ इतकी घट्ट मिटली होती, की आटे तळव्यात रुतले होते.

“नाही,” ती म्हणाली.

गाडी मागे सरकली, वळली. आवाज गुळगुळीत, निरोगी. तेच तर भयंकर होतं. गावात काहीच होणार नव्हतं. होणार होतं ते वाटेतल्या बेरापितच्या घाटात. तिथे तो चढावर पाय दाबेल, टर्बो मॅनिफोल्डमध्ये हवा कोंबेल, आणि चार आट्यांवर लटकलेला तो बोल्ट अल्युमिनियमचे आटे घेऊन सुटेल. चढावर गाडी अचानक मान टाकेल. मागून लाकडाचे ट्रक येत असतील...

पहिला थेंब पत्र्यावर वाजला. मग एकदम सगळं आभाळच.

हस्लिंदा धावली. सपात निसटली, तिने वळूनही पाहिलं नाही. लाल गाडी फाटकाशी, रस्त्याच्या तोंडावर उभी होती. तिने मागच्या काचेवर थाड थाड हात मारला.

त्याच्या बाजूची काच खाली आली. पाऊस सरळ त्याच्या मांडीवर पडू लागला.

“इंजिन बंद कर!”

त्याने बंद केलं. तिने मूठ उघडली. तळहातावर बोल्ट, आणि बोल्टभोवती आट्यांचे लाल वळ.

“हा नवा आहे. याच्या जागी जुना राहिलाय, आखूड. तळच्या रांगेत. मी लावला... तू बोलत होतास तेव्हा. आणि आबाहना मी खोटं सांगितलं. गाडी न्यायची नाही. घाटात तो सुटेल.” ती धापा टाकत होती. “आता विचार.”

“काय विचारू?”

“मुद्दाम केलं का ते.”

खैरिल तिच्याकडे बघत राहिला. तिच्या डोक्यावरचा स्कार्फ भिजून गालाला चिकटला होता. तिने नजर हलवली नाही. ट्रे नव्हता तिथे, पण जमिनीकडेही पाहिलं नाही.

“नाही केलंस,” तो म्हणाला.

“तुला काय माहीत?”

“खोटं बोललीस की तू ट्रेकडे बघतेस. कुरियरवाल्याचा मेसेज माझ्या फोनवर आला होता लिन, रोजे सुरू व्हायच्या आधीच. पार्सल पोहोचलं म्हणून. त्यानंतर दर शनिवारी मी विचारायचो आणि तू ट्रेकडे बघून ‘अजून नाही’ म्हणायचीस.”

तिचं तोंड उघडंच राहिलं. “आणि तू... विचारतच राहिलास?”

“मला ते उत्तर आवडायचं.”

पाऊस दोघांच्या मधून कोसळत होता. तिच्या मनात काहीतरी आलं. तिने रस्त्याकडे पाहिलं. दोन्ही बाजूंना, दूरवर, एकही गाडी नव्हती.

“रस्ता तर मोकळा आहे,” ती म्हणाली. “मग तू इथे थांबला का होतास?”

“आत्ता आबाहना ‘हो’ म्हणताना तू ट्रेकडे बघितलंस.” त्याने दार उघडलं आणि भर पावसात उतरला. “म्हटलं, काहीतरी राहिलंय. काय ते कळेपर्यंत थांबावं. ते बोल्टचं असेल, असं काही वाटलं नव्हतं.”

छपराखालून आबाहची हाक आली. “अरे, असरची बांग नाही झाली अजून! पाऊस आला! चेंडोल कुणाकडे?”

“माझ्याकडे!” हस्लिंदा ओरडली, आणि आपण ओरडलो याचं तिलाच हसू आलं. तिने त्याचा हात उलटा केला, बोल्ट त्याच्या तळव्यावर ठेवला आणि त्याची बोटं मिटली. आपला हात मात्र काढून घेतला नाही.

“सगळं पुन्हा उघडायला वेळ लागेल,” ती म्हणाली. “बोल्ट उद्या सकाळी बदलू. मग तू जोहोरला जा. नोकरीचा सोमवार चुकवू नकोस.”

“आणि आज?”

इतके महिने ती त्याला नावाने हाक मारत आली होती. दुसरा शब्द, इथल्या मुली ज्याला आपलं मानतात त्यालाच लावतात तो, तिने किती वेळा ओठांपर्यंत आणून गिळला होता. तो शब्द मोडायला फार सोपा वाटायचा.

“आज आबाहची मोटरसायकल घे, घरी जा, आणि मकला घेऊन ये, अबांग,” ती म्हणाली. “अंगठी मापाची नसली तरी चालेल. मी हो म्हणणार आहे.”