भवानीबाई पोचली का?

चावी घ्यायला मी उमाशंकरकडे गेलो तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. पीपलरावां गावात त्याचं बटाट्याचं कोल्ड स्टोरेज आहे, सहा वर्षांपासून बंद. त्यातल्या एका खोलीत माझा थोरला भाऊ, अजेयदादा, गोष्टी रेकॉर्ड करायचा. भिंतींना हातभर जाडीचं थर्माकोल, दार लोखंडाचं. एकदा ते लावलं की बाहेरून ट्रॅक्टर जाऊ दे नाहीतर वरात, आत काही ऐकू येत नाही. एकदा जेवायला बोलवायला मी बाहेरून दगडाने दार बडवलं होतं. दादाला पत्ता नाही.

"भिया, अकेला जाएगा?" उमाशंकरने विचारलं.

"दुसरा कुठून आणू?"

त्याने चावी दिली, पाण्याची बाटली दिली. मग उगाच हसला. "अंदर भूत-वूत नी है. आलू की बास है बस."

दादा मराठीत गोष्ट सांगायचा, लोक मोबाइलवर ऐकायचे. आमच्या देवास-धारच्या, हिंदी शाळांतल्या मुलांना मराठी धड वाचायला जमत नाही. मी तर आठवीतच शाळा सोडली. पण ऐकलं की सगळं कळतं. भवानीबाई नावाची बाई अमझेऱ्याहून धारला, आपल्या घरी, अनवाणी निघते आणि घर काही येत नाही, अशी ती गोष्ट. अकरा भाग झाले होते. बोलायचा दादा, चालायचो मी. लाकडी खोक्यात मुरूम पसरायचा आणि त्यावर अनवाणी पावलं टाकायची, हे माझं काम. भवानीबाईचे पाय म्हणजे माझे पाय.

बारावा भाग शेवटचा. त्यात ती पोचते आणि दार वाजवते. दादाने तो बोलून ठेवला आणि दुसऱ्याच दिवशी इंदूरला त्याच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. त्यानंतर चौदा महिने तो बोलला नाही. पाटीवर लिहायचा. मी एकेक अक्षर लावत बसायचो, तो वैतागून माझ्या टाळूवर खडू मारायचा. पावलांचे आवाज तेवढे भरायचे राहिले होते. मी म्हणायचो, चल, भरून टाकू. तो मान हलवायचा. एकदा त्याने 'टकटक' असं लिहिलं, पुढेही काहीतरी लिहिलं, आणि मी ते लावायच्या आत पुसून टाकलं.

आजाराचं त्याने कुणाला सांगू दिलं नाही. लोक लिहायचे, भाव खातोय. फाल्गुनात तो गेला. स्मशानात लाकडं पेटायच्या आधी एका माणसाने माझा हात धरला आणि विचारलं, "शेवटचा भाग आहे ना हो? भवानीबाई पोचली का?" मी त्याच्या अंगावर धावून गेलो. चौघांनी मला धरलं.

वैशाखात कुणीतरी लिहिलं, 'तो सुटला, आम्ही लटकलो.' माझं डोकं फिरलं. मी तिथल्या तिथे लिहून टाकलं, 'येत्या रविवारी शेवटचा भाग.' एकदा ऐकलासुद्धा नव्हता तो. मग धारहून, गोष्ट ऐकणाऱ्या चारुलताकाकूंचा फोन आला. ऐंशीच्या पुढच्या, डोळे गेलेले, मला कधी भेटलेल्या नाहीत. "बाळ, मी जाण्याआधी तिला घरी पोचव रे." त्यांच्यावर कसा चिडणार? हो म्हणालो.

म्हणून त्या रविवारी मी आत गेलो आणि दार लावलं. बाहेर पांढरं ऊन, आत काळोख. कुजलेल्या बटाट्याचा गोडसर वास. लॅपटॉपचा उजेड माझ्या गुडघ्यांपर्यंतच पोचत होता. माईक चालू केला, हेडफोन चढवले, खोक्यात उभा राहिलो.

दादा बोलला.

सोळा महिन्यांनी. तोच आवाज, वाक्याच्या शेवटी किंचित खाली बसणारा. मी भिंत धरली.

"...आणि भवानीबाई उठली," तो म्हणाला. पुढे माझ्यासाठी सोडलेली मोकळी जागा होती. मी चालायला लागलो. एक, दोन, तीन...

"थांब, मोनू."

थांबलो. भीती नाही वाटली. आधी बोलून ठेवतानाही तो माझ्यासाठी असं सांगून ठेवायचाच, नंतर कापून टाकायचा.

"डावा पाय जड पडतोय. परत कर."

मी परत सुरू केलं, आणि चौथ्या पावलाला थबकलो. माझ्या डाव्या अंगठ्याला पट्टी होती. कन्नौदच्या मंडीत मी गाडीवर माल चढवतो. सोयाबीनची गोणी पायावर पडली होती. त्याच आठवड्यात, बुधवारी.

"दादा...?"

"हळू. ती दमली आहे. परत कर."

पळून जायला हवं होतं. मी काय केलं सांगू? मी मुद्दाम चुकलो. पाय आपटला.

"बैल आहेस का? परत."

मी रडत रडत हसलो. भरभर चाललो.

"बस सुटतेय का बाईची? परत."

पावलं बरोबर पडली की तो नेहमी 'झालं' म्हणायचा. आता एकदा 'झालं' म्हणाला असता, की संपलं असतं. म्हणून मी चुकत राहिलो. पट्टी भिजली, मुरूम ओला लागायला लागला, तरी चुकत राहिलो.

मग काकू आठवल्या. शब्द दिला होता. एकदाच नीट चाललो. दमलेली बाई, समोर घर. बारा पावलं. थांबलो. तीनदा टकटक करायची म्हणून दाराच्या आवाजासाठी ठेवलेल्या लाकडी फळीपाशी हात नेला.

टक. टक. टक.

माझा हात अजून हवेतच होता. आवाज मागून आला होता. लोखंडी दारातून.

हेडफोनमध्ये दादाचा श्वास थांबलेला ऐकू आला. मग अगदी हळू...

"मोनू... हे तू वाजवलंस?"

"नाही."

मी दाराकडे वळलो.

"उघडू नकोस... परत कर."

त्याला चार रविवार झाले. दर रविवारी मी जातो. पट्टी अजून आहे, जखम दर वेळी उघडते. पहिल्यांदा टकटक बाराव्या पावलाला झाली होती, आता तिसऱ्यालाच होते. बॅटरी संपली की दोन्ही आवाज थांबतात, मग मी बाहेर येतो. बाहेर नुसतं ऊन असतं.

लोक शिव्या देतात, देऊ देत. ते जे विचारतात त्याचं उत्तर मला माहीत आहे. पण दार उघडलं की गोष्ट संपली, आणि दादाही संपला.

काल, सोमवारी, काकूंच्या सुनेचा, ऋजुतावहिनींचा फोन आला.

"मोनूभिया, भाग टाकलात का तुम्ही? मला सापडत नाहीये."

"नाही टाकला. का?"

"अहो, काल भर दुपारी सासूबाई झोपेतून उठून बसल्या. म्हणाल्या, पोचली एकदाची. मी म्हटलं, कोण? तर म्हणाल्या, भवानीबाई. उन्हात उभी आहे बिचारी, पाय भाजतायत तिचे..."

"आणि?"

"आणि आत एक मुलगा आहे म्हणे, डाव्या पायाने लंगडणारा. ऐकू येतंय त्याला, तरी दार उघडत नाही."