मास्त्रिख्तचं प्रेक्षणीय स्थळ

मास्त्रिख्तच्या जुन्या दगडी पुलावर वाऱ्याने ऋताची छत्री उलटी केली, आणि तिच्या तोंडून निघालं, "अगं बाई!"

"द्या इकडे." मागून कुणीतरी चक्क मराठीत म्हणालं.

उंच, सावळा, हसरा. त्याने छत्री सरळ केली, तिच्याकडे पाहिलं — आणि क्षणभर दचकला. का दचकला हा?

"मी मल्हार. नीउ-व्हेनेपला राहतो. गाव बघायला आलोय."

"ऋता. डेल्फ्टला पीएचडी करते." एवढं बोलून ती चालू लागली. गेल्या वर्षी तिने ठरलेलं लग्न मोडलं होतं. त्या मुलाने आपलं दुसरं प्रकरण चार महिने लपवलं होतं. तेव्हापासून गोड बोलणारा माणूस दिसला की ती आधी सावध व्हायची. त्यात आल्मेरेची शामलामावशी हल्ली रोज नवं स्थळ सुचवत होती...

चर्चमध्ये थाटलेल्या पुस्तकांच्या दुकानात तो पुन्हा समोर!

"पाठलाग करताय?"

"थोडासा," तो म्हणाला.

हसायचं नाही असं ठरवूनही ती हसली. मग मास नदीच्या काठाने दोघं निघाली. पाऊस भुरभुरत होता, खांदे मधूनच एकमेकांना लागत होते...

"तुम्ही नागपूरकर थंडीला घाबरत नाही वाटतं?"

ऋता थबकली. "मी नागपूरची, हे मी कधी सांगितलं?"

"बोलण्यावरून... वाटलं."

तिला ते पटलं नाही. थोडं पुढे तो पाठ करून फोनवर काहीतरी टाइप करत होता, तेही तिने टिपलं.

हेलपोर्टपाशी, शहराच्या जुन्या वेशीत, त्याने फोटोसाठी फोन तिच्या हातात दिला. तेवढ्यात तो वाजला. पडद्यावर नाव — 'शामलाकाकू आल्मेरे'.

"मावशीने पाठवलंय तुला!"

"नाही! तुझा फोटो पाहिला होता, म्हणून पुलावर ओळखलं—"

"आणि गप्प बसलास. लपवणारी माणसं मी पाहिलीत." तिने सरळ फोन उचलून स्पीकरवर टाकला.

"मल्हार, अरे काय चाललंय तुझं?" मावशी कडाडली. "परवा म्हणालास, फोटो बघून लग्नं ठरत नाहीत, मला मुलगी बघायचीच नाही. आणि आत्ता मेसेज — काकू, रविवारी ऋताला भेटायला येऊ का?"

ऋताने फोन कापला.

"परवा नकार... आणि आज?"

"परवा नुसता फोटो होता. आज तू भेटलीस." त्याचे कान लाल झाले होते. "पुलावरच सांगायला हवं होतं. चुकलं माझं."

पुढे त्याने एकही सबब जोडली नाही. त्या सरळ कबुलीनेच तिचा राग निवला.

"आणखी काही लपवलंयस?"

"एकच... तू मला फार आवडलीस."

ऋताने स्वतःचा फोन काढला आणि त्याच्या डोळ्यांत बघत मावशीला लावला.

"मावशी, रविवारचं राहू दे. तुझा मल्हार मला आजच भेटलाय, मास्त्रिख्तला. ...हो गं, इथेच उभाय समोर. ...काय विचारतेस?"

आता तिचेही कान लाल झाले.

"हो... आवडला."