समोर कोण बसलंय

दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी पडद्यावर महादेव ढवळे यांचं वाक्य उमटलं: ‘ऑपरेशन नको. घरी चल.’ तेव्हा समोर त्यांची बायको इंदुमती बसली होती. पाऊण तासाने त्याच पडद्यावर त्याच माणसाचं दुसरं वाक्य उमटलं: ‘करून टाकू. भितोस काय?’ तेव्हा समोर धाकटा भाऊ अण्णाप्पा बसला होता.

यंत्राने दोन्ही वाक्यं खात्रीची ठरवली होती. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना उत्तर पाचच्या आत हवं होतं, आणि एकच हवं होतं.

महादेव ढवळे इचलकरंजीतले जुने जॉबर, म्हणजे यंत्रमाग दुरुस्त करणारे कारागीर. पक्षाघाताने त्यांची वाचा आणि उजवी बाजू गेली होती. शुद्ध मात्र पुरती होती आणि बोललेलं सगळं समजत होतं. आता मेंदूतली एक रक्तवाहिनी फुगली होती. तशीच ठेवली तर ती कधीही फुटली असती. शस्त्रक्रिया केली तर जीव बहुधा वाचणार होता, पण बोलणं समजण्याचं केंद्र जाण्याची शक्यता मोठी होती. मग माणसं दिसली असती, ओळखूही आली असती. त्यांचं बोलणं तेवढं नुसता आवाज होऊन कानावर पडलं असतं. असा निर्णय शुद्धीवर असलेल्या रुग्णानेच घ्यायचा, असा नियम होता. यंत्रातून आलेलं उत्तर त्या नियमाला चालत होतं.

या यंत्राला ‘अनुवाचक’ म्हणत. डोक्यावर घातलेल्या टोपीतून मेंदूतले इशारे टिपून त्यांचं वाक्य करणं हे त्याचं काम.

“यंत्र बिघडलंय,” इंदुमतीबाई बाहेरच्या बाकावर बसत म्हणाल्या.

“बिघडलं असंल तर तुमचंबी खोटं की मग, वहिनी,” अण्णाप्पा म्हणाला.

अनुवाचक चालवणाऱ्या डॉ. मृणाल केळुसकर खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसल्या. “बिघडलेलं नाही. बोलण्याबद्दलची आपली समजूतच चुकीची आहे. पूर्वी आम्हीही म्हणायचो, बोलणं म्हणजे पार्सल. एकाने बांधायचं, दुसऱ्याने उघडायचं, वाटेत गोंगाट लागला तर तेवढा गाळायचा. त्या समजुतीवर यंत्रं बांधली. त्यांनी एक वाक्य धड दिलं नाही.”

“का बरं?” इंदुमतीबाईंनी विचारलं.

“पार्सलच सापडेना. बोलणाऱ्याच्या मेंदूत वाक्य तयार नसतंच. काहीतरी अर्धवट असतं. समोर कोण आहे ते बघून ते पुरं व्हायला लागतं, आणि उरलेलं ऐकणारा पुरं करतो. दोघांत मिळून जो अर्थ होतो, त्याला आम्ही ‘सहार्थ’ म्हणतो. म्हणून तर टोप्या दोन आहेत. एक त्यांच्या डोक्यावर, एक तुमच्या. दोन मेंदूंची लय जिथे जुळते, तेवढंच यंत्र वाचतं.”

“म्हंजे दादाच्या तोंडून वहिनी बोलत्यात,” अण्णाप्पा म्हणाला. “हे तर आम्ही यांच्या लग्नापासनं बघतोय.”

“आणि ‘भितोस काय’ हे कुणाच्या तोंडचं, भाऊजी? तुम्हाला त्यांनी आजवर ‘जरा थांब’ यापलीकडं काय म्हटलंय?”



हे म्हणताना इंदुमतीबाईंना स्वतःचंच बोलणं लागलं. लग्नानंतर त्या, महादेव काम करत त्याच मागांच्या शेडमध्ये कांड्यांवर सूत भरायला जात. चाळीस माग चालू असताना तिथे कुणाचा आवाज कुणाला ऐकू येत नसे. माणसं ओठांनी बोलत. त्याची एक शिस्त होती: पाठमोऱ्या माणसाशी बोलायचं नाही. वळसा घालून समोर यायचं, नजर पकडायची, मग ओठ हलवायचे. महादेवांनी निम्मे ओठ हलवले की इंदुमतीबाई कामाला लागत. ‘तुझ्या बायकोला दोनदा सांगावं लागत नाही,’ असं शेडमधली माणसं म्हणत, आणि त्या मनातून फुलत. पुढे महादेवांचे कान कमी झाले, तेव्हा घरातही हेच बोलणं चालू राहिलं. तेव्हा कळलेलं निम्मं कुणाचं होतं, हा प्रश्न त्यांना पहिल्यांदाच पडला.

“आम्हा दोघांना एकदम टोप्या घाला,” त्या म्हणाल्या.

तिसरी टोपी आणवली गेली. दोघं पलंगासमोर शेजारी शेजारी बसली. थोड्या वेळाने पडद्यावर आलं: ‘आधी तुमचं दोघांचं ठरवा.’

अण्णाप्पा मोठ्याने हसला. “हा दादाच. पैजेवर सांगतो.”

इंदुमतीबाईही हसल्या. मग त्यांनी त्याच्याकडे वळून विचारलं, “भाऊजी, आता तुमच्या मनात काय होतं?”

“हेच,” अण्णाप्पा म्हणाला. “की आधी आपण दोघांनी ठरवावं.” त्याचं हसू ओसरलं.

डॉ. केळुसकरांनी मग आणखी दोन प्रकार करून पाहिले. ढवळे घराण्याशी काही संबंध नसलेल्या परिचारिकेला समोर बसवलं, तेव्हा पडद्यावर ‘पाणी’ आलं. महादेवांना पाणी पाजलं. नंतर सगळे बाहेर आले आणि समोरची खुर्ची रिकामी ठेवली. बाहेरच्या पडद्यावर काहीच उमटलं नाही. काचेतून महादेव दिसत होते. ते जागे होते.

“म्हणजे त्यांचं स्वतःचं असं काहीच न्हाई?” इंदुमतीबाईंनी विचारलं.

“आहे. पण ते वाक्य नाही. आणि हे आजारपणामुळे झालेलं नाही, इंदुमतीबाई. धडधाकट माणसांवर प्रयोग केले, तेव्हाही हेच निघालं. माझ्यावरही केले. आईसमोर मी जे बोलते, ते ती समोर नसताना माझ्या डोक्यात कुठेच सापडलं नाही.”

“मग माझी भीतीबी त्यांच्या वाक्यात जाणार.”

“जाणार.”

“मला ऑपरेशन नको आहे,” इंदुमतीबाई सावकाश म्हणाल्या. “ते जगतील, पण मी बोललेलं त्यांना नुसतं खडखड ऐकू येईल. ते मला सोसायचं न्हाई. हे मी कुणाला बोलले न्हाई.”

“वहिनी, आणि तो गेला तर मला सोसंल काय?” अण्णाप्पा म्हणाला.

इंदुमतीबाई उठल्या. “यंत्र बंद करा. मला आत जाऊ द्या.”

त्या पलंगाला वळसा घालून समोर आल्या. महादेवांची नजर पकडली आणि आवाज न काढता ओठांनी विचारलं. महादेवांचे ओठ डाव्या बाजूने हलले. नेहमीसारखे निम्मेच. इंदुमतीबाईंना पुरं कळलं.

त्या दारापर्यंत आल्या तेव्हा अण्णाप्पा पुढे झाला. “बोलला?”

“बोलले.”

“कळलं?”

“स्वच्छ कळलं.”

“मग सांगा की.”

“मला पाहिजे होतं तेच म्हणाले, भाऊजी.” त्यांनी डॉ. केळुसकरांकडे पाहिलं. “उलटं म्हणाले असते, तरी मला वाटलं असतं, माझंच मन मला खातंय. हे तपासता येतं का?”

“तपासायचं तर टोपी घालावी लागेल,” डॉ. केळुसकर म्हणाल्या. “मग समोर पुन्हा तुम्हीच.”

पाच वाजले. शस्त्रक्रियागृहातून निरोप घेऊन परिचारिका आली आणि थांबून राहिली. इंदुमतीबाई दारातच उभ्या होत्या, पलंगाकडे पाठ करून. महादेव ढवळे त्यांच्याकडे बघत होते आणि त्यांचे ओठ हलत होते. उत्तर अजून दिलं गेलेलं नव्हतं.