शेजारी ठेवलेल्या नळ्या

ईएसआरची तपासणी म्हणजे निव्वळ वाट बघणं. बारीक काचेच्या नळीत रक्त भरायचं, नळी स्टँडवर ताठ उभी करायची आणि तासाभराने तांबड्या पेशी किती खाली बसल्या ते वाचायचं. अंगात कुठे दाह असेल तर त्या भराभर बसतात. अकरा वर्षं मी हेच करतेय. बाबा मला 'आमची जळू' म्हणतात.

गेले दोन महिने बाबांचा ईएसआर एकशे चार, हवा वीसच्या आत, आणि प्लेटलेट्सही वाढून सात लाख. डॉक्टरांनी जंतुसंसर्ग पाहिला, संधिवात पाहिला, लोह पाहिलं, कुठे गाठ लपलीय का तेही शोधून झालं. कारण सापडेना. बाबा मात्र वाळत चालले होते.

त्या दिवशी सुट्टी होती. लॅबमध्ये आम्ही तिघंच. बाबांचं रक्त काढलं तशी आई म्हणाली, "माझंही काढ. सारखं त्यांनाच टोचतेस, बरं दिसत नाही."

काढलं. दोन्ही नळ्या शेजारी लावल्या. तासाने बघते तर बाबांचे अठ्ठावन्न, आईचेही अठ्ठावन्न.

आधी स्वतःवरच वैतागले. लेबलं तपासली, स्टँड कललाय का पाहिलं. उरलेल्या रक्तातून पुन्हा नळ्या भरल्या. एक खिडकीशी ठेवली, एक दुसऱ्या टेबलावर. बाबा एकशे चार, आई बारा. तेवढा तास बाबा बाहेर बाकावर कुडकुडत होते. पुन्हा शेजारी ठेवल्या, तर अठ्ठावन्न, अठ्ठावन्न. एकशे सोळाचे सरळ दोन वाटे.

"अगं, भूक लागलीय मला," बाबा बाहेरून म्हणाले. हे वाक्य ऐकायला माझे कान आसुसले होते. आई त्यांच्या शेजारी मनगटं चोळत बसली होती.

तिला आत बोलावून सगळं सांगितलं. तिला काडीचं नवल वाटलं नाही.

"मग राहू दे की शेजारी."

"आई, त्यांचं दुखणं तुझ्या अंगात येतंय."

"येऊ दे. निम्म्याने कोणी मरत नाही."

"अठ्ठावन्न म्हणजे काही थोडं नाही."

"तू मला शिकवू नकोस," म्हणाली आणि बाबांसाठी बिस्किटं आणायला गेली.

पण मीही तिचीच मुलगी. दंडाला बांधलेला पट्टा दातात धरून स्वतःचं रक्त काढलं. माझी नळी आधी एकटी ठेवून पाहिली. आठ. मग दुसरी भरून त्या दोघांच्या मध्ये उभी केली. एकशे चोवीसचे तीन वाटे, प्रत्येकी एक्केचाळीस. तेवढं झेपेल आम्हाला.

तासाने वाचलं.

एकतीस. एकतीस. एकतीस.

आनंदाने ओरडणारच होते. मग बेरीज केली. त्र्याण्णव.

स्टँडवर नळ्या तीनच होत्या. वाटे चार पडले होते.

पाळी बारा दिवस लांबली होती. मी ते दगदगीवर ढकललं होतं. लग्नाला सहा वर्षं झाली, आम्ही आशा सोडून दिली होती.

कपाटातली गरोदरपणाची पट्टी काढून तपासणी केली.

दोन रेघा.

मी स्टँडपाशी आले. माझी नळी चिमटीत धरली.

बाहेर आई काहीतरी पुटपुटली आणि बाबा मोठ्याने हसले, आजारपणाआधी हसायचे तसे.

नळी मला उचलवेना.